मुक्काम मध्यम, पोस्ट चाकण

श्रीमंत मनुष्य हॉटेल निवडीत नाही. तो नाव उच्चारतो आणि खोली त्याच्यापुढे अदबीने उभी राहते. गरीब मनुष्यही हॉटेल निवडीत नाही. धर्मशाळेचा ओटा, नातलगाची पडवी किंवा एस.टी.चा फलाट यांपैकी जे प्रथम रिकामे दिसेल त्यावर तो पथारी टाकतो आणि ज्याच्यापाशी पसंती-नापसंतीचा प्रश्नच नाही अशाला येणारी गाढ झोप घेतो. निवडीचा सगळा भार आणि तदनुषंगिक सगळा मनस्ताप मध्यमवर्गीयाच्याच वाट्याला आलेला आहे. आणि गंमत अशी की आपण मध्यम आहोत म्हणजे नेमके कोठून कोठपर्यंत आहोत, याचा निवाडा त्याने स्वतः कधी केला नाही, तो सरकारने केला. वस्तू व सेवा कराच्या दप्तरात दिवसाला १,००० रुपयांहून कमी भाड्याची खोली पूर्वी करमुक्त होती, म्हणजे ती गरिबाची. ७,५०० रुपयांवरच्या खोलीला १८ टक्के, म्हणजे ती श्रीमंताची. आणि या दोन सरहद्दींच्या दरम्यान जो विस्तीर्ण मुलूख उरला त्याला १२ टक्के. जुलै २०२२ मध्ये गरिबाची सवलत रद्द झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ७,५०० पर्यंतच्या एकूणएक खोल्यांचा कर ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे आजमितीस आठशे रुपयांत झुरळासह मिळणारी खोली आणि सात हजारांत फळांच्या परडीसह मिळणारी खोली सरकारदरबारी एकाच पंक्तीला बसतात, आणि त्यांतली आपली कोणती, हे ठरवण्यासाठी मध्यमवर्गीय गृहस्थ रात्री जेवण झाल्यावर फोन हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून बसतो.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. पाहुणा येई तो घरीच येई, आठवडाभर राही आणि जाताना मुलांच्या हातावर रुपया ठेवून सगळ्या गैरसोयींची फेड करून जाई. आता पाहुणा फोनवरच जाहीर करतो की, ‘तुम्हाला उगाच त्रास नको, आम्ही हॉटेलातच उतरू’. यजमान म्हणतो, ‘छे, छे, भलतंच काय!’, पाहुणा म्हणतो, ‘नाही, नाही, ऐका तर’, आणि हा लटका आग्रह रीतसर तीन वेळा पार पडल्यावर दोन्ही पक्ष मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकतात. यजमानाकडे मग घर देण्याऐवजी हॉटेल शोधून देण्याची कामगिरी उरते. ती अधिक जोखमीची आहे. कारण घरातली गैरसोय पाहुणा नात्याखातर पोटात घालतो, हॉटेलातली मात्र तो यजमानाच्या खाती मांडतो आणि पुढची दहा वर्षे लग्नामुंजीत त्यावर व्याज आकारतो.

आमच्याकडे नागपूरचे साडू आणि माझ्या पत्नीच्या वयोवृद्ध मावशी अशी जोडगोळी येणार असल्याची वर्दी आली तेव्हा निगडी प्राधिकरणातल्या आमच्या दोन खोल्यांत हीच जोखीम उत्पन्न झाली. मावशींना चिंचवडचा मोरया, देहू, भंडारा डोंगर आणि आळंदी एवढे सगळे एका खेपेत उरकायचे होते. साडूंना त्याखेरीज इतिहास पाहायचा होता; कारण गेल्या वर्षी ते जावा बेटावर जाऊन आले होते आणि बोरोबुदुर पाहून आलेल्या मनुष्याला आपल्या देशातला इतिहास पाहण्याची नव्याने उबळ येते असा सर्वसाधारण अनुभव आहे. माझा भाचा मोटारीच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात नोकरीला असून पुरवठादारांच्या तपासणीनिमित्त त्याचे अर्धे आयुष्य चाकणच्या हॉटेलांत जाते. त्याने सल्ला दिला, ‘मामा, सरळ चाकणला उतरवा. शनिवार-रविवार तिथं खोल्या ओस पडलेल्या असतात.’

या सल्ल्यात या मुलखाचे सगळे वैचित्र्य सामावलेले आहे. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आसपासच्या या पट्ट्यात मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे, तुकोबांचे देहू आहे, ते ज्या भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वराच्या डोंगरांवर एकांतात बसत ते डोंगर आहेत, ज्ञानदेवांची आळंदी आहे, चापेकर बंधूंचा चिंचवडचा वाडा आहे आणि चाकणचा संग्रामदुर्ग आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या मनाचा जो काही ऐवज म्हणावा, त्याचा मोठा हिस्सा दोन दिवसांच्या पायी मजलीत मावतो. आणि याच भूमीवर १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ टेल्को आली, बजाज आली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २००९ पासून जर्मन मोटारी चाकणच्या कांद्याच्या बाजाराशेजारी तयार होऊ लागल्या. कारखान्यांमागोमाग हॉटेले आली. आणि ती कारखान्यांमागून आली असल्यामुळे त्यांची तोंडे कारखान्यांकडेच आहेत. चाकणच्या कोणत्याही हॉटेलाची जाहिरात पाहावी. औद्योगिक वसाहतीचा फेज एक किती किलोमीटर, फेज दोन किती, विमानतळ किती, हे सगळे इमानेइतबारे दिलेले असते. भामचंद्राचा डोंगर त्याच फेज दोनच्या डोक्याशी उभा असून त्याचा नामनिर्देश कोणी करीत नाही.

परिणामी इथले पंचांग उलटे आहे. लोणावळ्यात शनिवारी खोली मिळत नाही, चाकणात बुधवारी मिळत नाही. सोमवारी दुपारपासून तपासनीस, विक्रेते, यंत्रे बसवणारे, यंत्रे बिघडवणारे आणि बिघडलेली यंत्रे पाहायला परदेशाहून आलेले तज्ज्ञ यांची रीघ लागते, बुधवारी तिला पूर येतो आणि शुक्रवारी संध्याकाळी पुणे-नाशिक रस्त्याने तो ओसरतो. भोसरी-पिंपरीकडच्या बहुतेक लहान कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, आणि वीजमंडळही दुरुस्तीची कामे त्याच मुहूर्तावर काढते. त्यामुळे गुरुवारी त्या बाजूच्या हॉटेलात उतरलेल्या दत्तभक्ताला उपवास आणि जिने चढण्याची तपश्चर्या या दोहोंचे पुण्य एकदमच लाभते. या औद्योगिक पंचांगावर मग खरे पंचांग येऊन आदळते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, कार्तिक वद्यात आळंदी माणसांनी भरते, मार्गशीर्षात चिंचवडला मोरयांचा समाधी सोहळा होतो. आणि या सर्वांहून हॉटेलांना अधिक भय ज्याचे, तो आळंदीच्या लग्नांचा हंगाम. आळंदीत लग्ने किती लागतात याची गणती करणे अवघड आहे; मंगल कार्यालयांतून उरलेली वऱ्हाडी मंडळी आसपासच्या पंचक्रोशीतल्या हॉटेलांत पसरते आणि मग भाच्याने सांगितलेला ओस शनिवार औषधालाही सापडत नाही. देहूच्या पालखीचा दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या रात्री शाळांच्या खोल्या उघडल्या जातात, घरोघरी ओसऱ्या झाडल्या जातात, आणि अगणित माणसे एकाही अभिप्रायाचे वाचन न करता शांतपणे निजतात.

आम्हाला मात्र अभिप्राय वाचावे लागले. हॉटेलाला लागणारे तारे दोन प्रकारचे असतात. एक तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलाच्या अर्जावरून, पाहणी करून, कागदोपत्री देते. ते मागितल्याखेरीज मिळत नाहीत आणि मध्यम हॉटेल ते बहुधा मागतही नाही. दुसरे तारे फोनवर असतात आणि ते कोणीही, कोणत्याही मनःस्थितीत, मध्यरात्रीसुद्धा देऊ शकतो. मुलीसाठी स्थळे पाहणाऱ्या बापाने पत्रिकांवर जितका डोळा ठेवला नसेल तितका आम्ही त्या ताऱ्यांवर ठेवला, आणि गुण जुळूनही मंगळ निघावा तसा प्रत्येक ठिकाणी काही ना काही निघत गेला. एका इसमाने एकच तारा दिला होता, कारण आळंदीला इंद्रायणीवर फेस होता. त्या फेसाशी हॉटेलाचा काय संबंध, याचा खुलासा केलेला नव्हता. दुसऱ्याने पाच तारे देऊन ‘पनीर छान’ एवढाच शेरा मारला होता आणि खोलीबद्दल अवाक्षर काढले नव्हते. तिसऱ्याने साबणाचे छायाचित्र इतक्या जवळून घेतले होते की साडूंना ते प्रथमदर्शनी सह्याद्रीचे वाटले. चौथ्याच्या मते सर्व काही उत्तम होते, परंतु ‘साहेबांना आवडले नाही’, म्हणून तीन. छायाचित्रांची निराळीच तऱ्हा. खोलीच्या चारी भिंती एकाच चित्रात येतील अशा कोनातून ती काढलेली असतात. त्यांत पलंगावरून दारापर्यंत जायला रिक्षा करावी लागेल एवढे अंतर दिसते आणि प्रत्यक्षात दार उघडताना ते पलंगालाच थडकते.

मावशींची अट एकच होती. ज्या इमारतीत परमिट रूम आहे तिथे त्या पाऊल टाकणार नव्हत्या. साडूंची अट नेमकी उलट असावी असा माझा वहीम आहे, परंतु त्यांनी ती उघड मांडली नाही. ‘संस्कृती जपणारं काहीतरी पाहा’ एवढेच ते म्हणत राहिले. जावातल्या योग्यकर्त्याला ते ज्या हॉटेलात उतरले होते तेही मध्यमच होते, पण तिथे म्हणे लॉबीत चार माणसे गामेलान वाजवायला बसवलेली, पलंगावर बाटिकचा पट्टा आंथरलेला आणि भिंतीवर वायांगच्या बाहुल्यांत चक्क अर्जुन. ‘आणि एवढं असून तिथला सुलतान अजून प्रांताचा गव्हर्नर आहे!’ असे ते प्रत्येक वेळी शेवटी सांगत. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आम्हांला उमगला नाही. तथापि नागपूरच्या साडूंना प्रतिप्रश्न करायचा नसतो, हा आमच्या घरातला जुना दंडक आहे.

अखेर एका हॉटेलाला मी फोन लावला. पलीकडे ओडिशाकडचा एक तरुण होता.

‘शनिवारी दोन खोल्या मिळतील का?’

‘मिल जाएगा सर. कंपनी का नाम?’

‘कंपनी नाही हो. घरची माणसं आहेत.’

पलीकडे क्षणभर शांतता. ‘मतलब कंपनी नहीं है?’

‘नाही. दर्शनाला आलेत.’

‘दर्शन... दर्शन कौन से फेज में है सर?’

मी त्याला दोष देत नाही. त्याच्या वहीत येणाऱ्या प्रत्येक मनुष्यामागे एक कंपनी असते आणि प्रत्येक कंपनीमागे एक फेज. इंद्रायणीकाठी सातशे वर्षांहून अधिक काळ चालू असलेली संस्था त्याच्या यादीत नसावी, यात त्याची चूक नाही. ती नोंदणीकृत पुरवठादार नाही एवढेच.

हॉटेल ‘तळेगाव चौकापासून पाच मिनिटांवर’ होते. चाकणमध्ये अंतर मिनिटांत सांगण्याचा प्रघात आहे, आणि ती मिनिटे कोणत्या प्रहराची हे सांगण्याचा प्रघात नाही. पहाटे चारला ते अंतर खरोखरच पाच मिनिटांचे असते. पाळी सुटते तेव्हा, कामगारांच्या बसगाड्या, कंटेनर, नव्या मोटारी पाठीवर लादलेले लांबच लांब ट्रेलर आणि या सर्वांच्या फटींतून सरकणाऱ्या दुचाक्या एकाच चौकात समोरासमोर येतात, आणि जो तो इतका निश्चल होतो की मावशींनी गाडीतच हरिपाठ सुरू करून तो पुरा केला व मग, ‘आता कुठं आलो?’ असे विचारले. जिथे सुरू केला होता तिथेच आलो होतो.

लॉबी प्रशस्त होती. भिंतीवर चार घड्याळे ओळीने टांगलेली: तोक्यो, फ्रँकफर्ट, सोल आणि पुणे. पहिली तीन बिनचूक चालत होती. पुण्याचे बंद होते. त्यांच्या खाली फायबरचा विठ्ठल उभा होता आणि त्याच्या पायाशी विजेवर चालणारे कारंजे. नोंदणीचा कारभार मात्र चोख. सर्वांची आधार कार्डे झेरॉक्सला गेली, सह्या झाल्या, अंगठे झाले. परदेशी पाहुणा असला तर त्याच्या आगमनाची वर्दी चोवीस तासांच्या आत फॉर्म भरून सरकारला द्यावी लागते. त्या बाबतीत इथले कारकून इतके वाकबगार झाले आहेत की जर्मन पारपत्र ते डोळे मिटून भरतात आणि नागपूरचा पत्ता लिहिताना अडखळतात. येण्याचे प्रयोजन या रकान्यासाठी संगणकात ऑफिशियल, पर्सनल आणि मेडिकल असे तीनच पर्याय होते. मावशींनी ‘दर्शन’ असे दोनदा स्पष्ट सांगितले. कारकुनाने त्यांच्या वयाकडे पाहिले, हातातल्या काठीकडे पाहिले आणि सहानुभूतीने ‘मेडिकल’ दाबले.

आमच्याकडे पांथस्थांच्या निवासाबद्दल सरकार पूर्वीपासून दक्ष आहे. १८६७ चा सराई कायदा वाचण्याजोगा आहे. सराईच्या मालकाने खोल्या, ओसऱ्या आणि विहिरी स्वच्छ राखाव्यात, पहारेकरी ठेवावेत, दरपत्रक लावावे, कोणाला साथीचा आजार झाल्यास पोलीस चौकीस कळवावे. आणि ज्या झाडांच्या फांद्यांवरून चोरट्यांना सराईत उतरता येईल अशी झाडे अथवा फांद्या तोडून टाकाव्यात. त्यात मोफत न्याहारीचा उल्लेख नाही, वायफायचा नाही आणि हंसाच्या आकारात घडी घातलेल्या टॉवेलाचाही नाही. बाकीच्या कलमांची अंमलबजावणी कशीही असो, झाडांविषयीचे कलम चाकणच्या हॉटेलांनी फारच मनावर घेतलेले दिसते. आसमंतात चोराला वर चढायला एक फांदी म्हणून शिल्लक नाही.

खोलीत शिरल्यावर मध्यम हॉटेलाची खरी परीक्षा सुरू होते आणि ती न्हाणीघरात होते. वरच्या दर्जाच्या हॉटेलात बादली नसते, कारण तिथे उतरणारा माणूस शॉवरखाली उभा राहतो. खालच्या दर्जाच्या हॉटेलात बादली असते पण तिला कडी नसते. मध्यम हॉटेलात बादली मागावी लागते. मावशींनी मागितली. पोऱ्या वीस लिटरची, रंगाच्या कंपनीची, डिस्टेंपरची, पण घासून पुसून लख्ख केलेली बादली घेऊन आला. तिच्यावर ‘दहा वर्षे टिकणार’ अशी हमी छापलेली होती आणि मावशींना ती फार आवडली. दिवे मात्र लागेनात. दाराजवळच्या खाचेत खोलीचे कार्ड सरकवल्याखेरीज वीज येत नाही आणि ते कार्ड साडूंच्या खिशात, साडू तळमजल्यावर मॅनेजराला योग्यकर्त्याची हकीकत सांगत उभे. मावशींनी बटव्यातून एस.टी.चे ज्येष्ठ नागरिक सवलतीचे कार्ड काढले, खाचेत सरकवले आणि खोली उजळली. त्या खाचेला कोणतेही कार्ड चालते हे गुपित भाच्यासारख्या मुरलेल्या माणसांना ठाऊक असते. मावशींनी मात्र ही सवलतही महामंडळाचीच समजून त्याला दुवा दिला.

बाकी खोली मध्यम म्हणजे मध्यमच होती. किटली होती, चहाच्या पुड्या होत्या, दुधाच्या भुकटीच्या पुड्या होत्या, चमचा नव्हता. वातानुकूलन यंत्र होते. त्याचे रिमोट ‘रिसेप्शनला जमा’ होते. गरम पाण्याची वेळ सहा ते नऊ, अशी पाटी होती. खिडकी उघडल्यावर महामार्ग दिसे आणि मिटल्यावर ऐकू येई.

न्याहारीच्या टेबलावर या प्रदेशाचे जे दर्शन घडते ते मला कोणत्याही संग्रहालयापेक्षा अधिक उद्बोधक वाटते. एका कडेला पोहे, उपीट आणि इडली. दुसऱ्या कडेला पाव, जॅम आणि उकडलेली अंडी. आणि मधोमध, परदेशी पाहुण्यांसाठी केलेले, पण त्यांनी अजून ओळख न दिलेले असे काहीतरी पातळ. मावशींची एकादशी होती. ‘उपवासाचं काही आहे का?’ असे त्यांनी विचारताच आत धावपळ झाली आणि आचारी साबुदाण्याची खिचडी घेऊन स्वतः बाहेर आला. तो गढवालचा होता आणि साबुदाणा भिजवायला चाकणातच शिकला होता. शेजारच्या टेबलावरच्या कोरियन अभियंत्याने ती खिचडी कुतूहलाने पाहिली, मागून घेतली आणि तीन वेळा घेतली. हा अभियंता सकाळी लिफ्टमध्ये मावशींना भेटला होता. तो कंबरेत वाकला होता, तेव्हा मावशींनी, ‘राम कृष्ण हरी’ म्हणून त्याला आशीर्वाद दिला होता. दुसऱ्या दिवशी वाकताना तोही बऱ्यापैकी उच्चारात ‘राम कृष्ण हरी’ म्हणाला, आणि त्यानंतर, भाचा सांगतो, त्याच्या कारखान्यातल्या सकाळच्या बैठका त्याच शब्दांनी सुरू होऊ लागल्या.

साडूंना संस्कृतीची उणीव डाचतच होती. त्यांनी गामेलानचे वर्णन मॅनेजराला इतके ऐकवले की त्या सज्जन गृहस्थाने रविवारी सकाळी लॉबीतल्या कर्ण्यावर अभंगांच्या चाली लावल्या. त्या सॅक्सोफोनवर वाजवलेल्या होत्या. आळंदीला निघालेल्या मावशी कारंज्यापाशी थबकल्या, थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘अहो, हे बंद करा. मी तिकडेच चाललेय, तिथं मृदंगावर आहे. तुम्ही तेवढं पाणी लवकर तापवायचं बघा.’

या वादात मी निःसंशय मावशींच्या पक्षाचा आहे. जावातल्या हॉटेलांबद्दल मला आदर आहे; प्रांबानन आणि बोरोबुदुर यांच्या सान्निध्यात खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी भिंतीवर अर्जुन टांगला तर त्यात काही गैर नाही. परंतु ज्या गावापासून अर्जुनाला सांगितलेली गीता मराठीत आणणाऱ्याची समाधी गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे (पहाटेच्या मिनिटांनी), तिथे पलंगावर बाटिक आंथरून काय साधणार? चाकणचे हॉटेल संस्कृतीच्या बाबतीत कोरे आहे हेच मला त्याचे भूषण वाटते. ते काही विकत नाही. ते फक्त झोपायला देते. फायबरचा विठ्ठलही तिथे परदेशी पाहुण्यांना ठिकाणाची कल्पना यावी एवढ्याचसाठी ठेवलेला आहे, आणि त्याच्या कारंज्याचे बटण रात्री दहाला बंद होते.

संग्रामदुर्ग पाहून मात्र साडू प्रसन्न झाले. भुईकोट किल्ला, तटाचे काही भाग, थोडा खंदक आणि भोवती चढत गेलेली वस्ती. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर लोकांनिशी शाहिस्तेखानाच्या फौजेला येथे जवळजवळ दोन महिने झुलवले आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच किल्ला हातचा गेला. भाच्याच्या मते दीर्घ मुक्कामासाठी चाकणला आलेला खान हा पहिला बाहेरचा साहेब. त्याला वाटले होते काम दोन दिवसांचे आहे, आणि ते पावसात लांबत गेले, हा अनुभव आजही प्रत्येक तपासनिसाला येतो. पुढे खानाने मध्यम दर्जाच्या निवासाचा विचार सोडून पुण्यात थेट लाल महालात मुक्काम ठोकला. तो सुमारे तीन वर्षे हलेना. शेवटी एप्रिल १६६३ मध्ये मूळ मालकाने मध्यरात्री येऊन खोली रिकामी करवून घेतली, आणि त्या घाईत खानाची बोटे तेथेच राहिली. लाल महाल त्याला फुकट पडला, असे म्हणता येणार नाही.

आळंदीत मावशींना त्यांच्या माहेरच्या लोकांची जुनी धर्मशाळा दाखवली. पूर्वी तिथे ओटे होते, सामाईक नळ होता आणि पहाटे तीनला कोणीतरी खोकत उठे, त्यामुळे गजराची गरज नसे. आता शेजारीच भक्तनिवास झाले आहे. त्याला लिफ्ट आहे, वातानुकूलित खोल्या आहेत, खाचेत घालायचे कार्ड आहे. मावशींनी आत जाऊन न्हाणीघर पाहिले, बादलीला कडी असल्याची खात्री केली आणि भाडे विचारले. ते आमच्या हॉटेलाच्या शनिवारच्या भाड्याहून दोनशे रुपयांनी जास्त निघाले. ‘वारकरी महाग झाला आणि साहेब स्वस्त,’ असे म्हणून त्यांनी पुन्हा चाकणची वाट धरली.

निघायच्या दिवशी बिलाचा मामला उपस्थित झाला. साडूंच्या मते खोली चोवीस तासांच्या हिशेबाने, आणि आपण दुपारी चारला आलो असल्यामुळे चारपर्यंत आपली. मॅनेजराच्या मते बारा वाजता दिवस संपतो. यावर बराच ऊहापोह झाला, फ्रँकफर्टचे घड्याळ साडूंच्या बाजूने साक्षीला काढण्यात आले, आणि अखेर दोन वाजता खोली सोडावी असा तोडगा निघाला. बिलावर कंपनीचे नाव लिहिण्याची जागा रिकामी सोडणे संगणकाला मंजूर नव्हते. तिथे ‘दर्शन’ लिहून कारकुनाने एकदाचा सगळा घोळ मिटवला.

मग मॅनेजराने हात जोडून मावशींना विनंती केली की फोनवर पाच तारे द्यावेत. मावशींनी भाच्याला मजकूर सांगितला: खोली बरी, माणसे चांगली, खिचडी मोकळी, बादली उत्तम, तारे चार.

‘आजी, एक का कापला?’

‘पाणी सहाला तापतं. काकडा त्याच्या आधी होतो. चारला तापवा, पाचवा देते.’

मॅनेजराने आत जाऊन गिझर पाहणाऱ्या मुलाशी सल्लामसलत केली आणि परत येऊन पाचची तयारी दर्शवली. मावशी चारवर ठाम राहिल्या. घासाघीस होता होता साडेचारला पाणी आणि साडेचार तारे असा तह उभयपक्षी मान्य झाला. परंतु फोनवर अर्धा तारा देता येत नाही असे भाच्याने निदर्शनास आणल्यामुळे हा मामला तूर्त कार्तिकीपर्यंत तहकूब आहे.